बागेच्या हिरवळीखाली काय आहे?

मागच्या आठवड्यात पावसाने सलग तीन दिवस उघडीप दिली. चौथ्या दिवशी सकाळी आपल्या बागेत गेलो. रस्ते कोरडे, बाकडी कोरडी, घसरगुंडीसुद्धा कोरडी. आणि मधल्या लॉनवर मात्र घोट्याएवढं पाणी. दोन टिटव्या निवांत फिरत होत्या, कडेला प्लास्टिकचे ग्लास तरंगत होते. फिरायला आलेली ज्येष्ठ मंडळी पेव्हर ब्लॉकच्या पट्टीवरून एकामागे एक, रेशनच्या रांगेत असल्यासारखी चालत होती.

ही हिरवळ गेल्या आठ वर्षांत तीनदा नवी लावली गेली. तिन्ही वेळा फीत कापली, तिन्ही वेळा फोटो आले, आणि त्यातल्या दोन बातम्या मी स्वतः दिल्यात. 'शहराच्या सौंदर्यात भर' असं शीर्षकही दिलं होतं. ते आज आठवलं की ओशाळायला होतं. तिन्ही वेळा पहिल्या दोन पावसाळ्यांत गवत पिवळं पडलं, मग काळं पडलं, मग कुजलं. आता चौथ्या एस्टिमेटची चर्चा चालू आहे, म्हणून हे लिहितोय. पोस्ट मोठी आहे. पण बाग आपली आहे आणि पैसाही आपलाच आहे, तेव्हा वेळ काढून वाचा.

बागेत एक जुने माळीकाका आहेत. त्यांना विचारलं, "काका, पाऊस थांबून तीन दिवस झाले, हे पाणी हटत का नाही?"

ते म्हणाले, "जाणार कुठं दादा? वाटच नाही त्याला."

त्यांनी कुदळ आणली आणि कडेला गुडघाभर खड्डा घेतला. वर चार बोटं गवताची मुळी. त्याखाली वीतभर बाहेरून आणून टाकलेली लाल माती. त्याखाली रोलर फिरवून दाबलेला मुरूम, सिमेंटसारखा घट्ट. आणि त्याच्याही खाली आपली मूळची काळी माती. लाल माती आणि मुरूम जिथं भेटतात, तिथून पाणी पाझरून खड्ड्यात येत होतं. वास गटारीच्या गाळासारखा. काकांनी गवताची मुळी हातात चुरडून दाखवली, ती काळी आणि बुळबुळीत झाली होती. म्हणाले, "ह्याला रोग नाही लागला. हे बुडून मेलंय."

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही यापुढचं सांगायला नको. आपल्याकडे अशा जमिनीला 'चिबड' म्हणतात. आणि चिबडाच्या उलट जी अवस्था, तिला 'वाफसा' हा नेमका शब्द आहे. वाफसा म्हणजे जमिनीत ओल पण आहे आणि हवा पण आहे. मुळांना दोन्ही लागतं. मातीच्या कणांमधली सगळी पोकळी पाण्यानं भरली की हवा बाहेर पडते, मुळं गुदमरतात, सडतात. अशा जमिनीवर कितीही महागाचं गवत आणून अंथरा, ते मरणारच. खत मारा, औषध मारा, उपयोग नाही. रोग वर दिसतो, कारण खाली आहे.

त्या दिवसापासून या विषयावर हाताला लागेल ते वाचतोय. जमिनीतून जास्तीचं पाणी काढून टाकणं हा विषय कंटाळवाणा असेल असं वाटलं होतं. पण त्यात पहार आहे, कर आहे, निवडणुकीपेक्षा मोठं राजकारण आहे आणि एका माणसाचं चटका लावणारं मरणही आहे.

*पहारीचा एक घाव*

जमिनीखालून पाणी काढायची युक्ती फार जुनी. रोममध्ये इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात केटो नावाच्या राजकारण्याने शेतीवर पुस्तक लिहिलं. पाणथळ जागेत चर कसा काढावा हे त्यात मापासह आहे: वर तीन फूट रुंद, चार फूट खोल, तळाला निमुळता. तळात दगड भरायचे, दगड नसतील तर विलो झाडाच्या ओल्या फांद्या. म्हणजे दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी माणसाला कळलं होतं की पाण्याला वाट हवी आणि ती जमिनीखालून हवी.

पुढची मोठी गोष्ट इंग्लंडमधली. वॉरविकशर परगण्यात जोसेफ एल्किंग्टन नावाचा शेतकरी होता. त्याच्या ओल्या रानात मेंढ्या रोगाने मरत होत्या. १७६४ च्या सुमाराला त्याने चार-पाच फूट खोल चर काढला, तरी जमीन कोरडी होईना. एक गडी मेंढ्यांच्या कुंपणासाठी लोखंडी पहार घेऊन तिथून चालला होता. एल्किंग्टनने ती पहार घेतली आणि चराच्या तळात आणखी चार फूट ठोकली. पहार उपसली तसं खालून पाणी उसळून वर आलं.

म्हणजे पाणी वरून साचत नव्हतं. खालच्या थरात दाबून बसलेला झरा वर ढकलत होता. चर त्या थरापर्यंत पोचलाच नव्हता. पुढे तीसेक वर्षं हा माणूस गावोगाव फिरून आधी थर पाहायचा आणि मग चर कुठं काढायचा ते सांगायचा. १७९५ मध्ये ब्रिटिश संसदेने त्याला १,००० पौंडांचं बक्षीस दिलं. त्याला आपली पद्धत नीट लिहून काढता येईना, म्हणून ती टिपून घ्यायला सर्वेक्षक पाठवावा लागला. आपल्या माळीकाकांची आठवण मला इथंच झाली. ज्याला कळतं त्याला लिहिता येत नाही, आणि जो एस्टिमेट लिहितो तो खड्डा घेत नाही.

एल्किंग्टनची युक्ती झऱ्याच्या पाण्याला चालायची. पण पावसाचं पाणी चिकण मातीत अडून राहिलं तर? त्यावर स्कॉटलंडमधल्या डीन्स्टन गावच्या जेम्स स्मिथने उत्तर काढलं. हा गृहस्थ मूळचा शेतकरी नव्हे, कापड गिरणीचा व्यवस्थापक. त्याने सगळ्या शेतातून ठरावीक अंतरावर समांतर चर काढले, तळात फोडलेले दगड भरले, वर माती टाकली, आणि खालचा घट्ट थर वेगळ्या नांगराने फोडला. माती उलटवायची नाही, नुसती खालून मोकळी करायची. १८३१ मध्ये त्याने यावर पुस्तिका काढली. जागा ओली कुठं दिसते ते पाहून एखादा चर काढण्यापेक्षा सगळ्या जमिनीला जाळं घालायचं, ही कल्पना तिथून रुळली.

*मातीची नळी आणि सरकारी कर्ज*

दगड सगळीकडे मिळत नाहीत आणि वाहायला महाग पडतात. म्हणून भाजलेल्या मातीची कौलं वापरायला लागले. पण इंग्लंडमध्ये तेव्हा विटा-कौलांवर कर होता. १८२६ मध्ये सरकारने ठरवलं की शेतातल्या निचऱ्याच्या कौलावर कर नाही, फक्त त्यावर 'ड्रेन' असा शब्द भाजण्याआधी उमटवलेला पाहिजे. तिथं जुनी शेतं खणताना हा शब्द कोरलेली कौलं आजही सापडतात.

मग १८४३ मध्ये जॉन रीड याने भाजलेल्या मातीची गोल नळी एका कृषी प्रदर्शनात मांडली. हा रीड पेशाने माळी होता, हे मुद्दाम सांगतो. दोनच वर्षांत टॉमस स्क्रॅग याने अशा नळ्या भराभर पाडणारं यंत्र काढलं आणि नळी स्वस्त झाली.

आता खरी गंमत बघा. नळी आली, यंत्र आलं, तरी काम सगळीकडे होईना. कारण निचऱ्याचा खर्च आज करायचा आणि फायदा पुढची वीस वर्षं थोडा थोडा मिळणार. एवढा धीर कुणाकडे? १८४६ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी कायदा करून जमीनदारांना निचऱ्यासाठी सरकारी तिजोरीतून कर्ज द्यायचं ठरवलं. ब्रिटनसाठी २० लाख पौंड, आयर्लंडसाठी आणखी १० लाख. फेड २२ वर्षांत, दर वर्षी साडेसहा टक्क्यांप्रमाणे. त्याच वर्षी पील यांनी धान्यावरचं आयात संरक्षण काढून जमीनदारांना दुखावलं होतं. एका हाताने काढलं ते दुसऱ्या हाताने थोडं परत देण्याचा हिशेबही त्यात होताच. पण हेतू काहीही असो, एका सरकारने जे कुणालाच दिसणार नाही अशा कामासाठी एवढा पैसा मोजला. जमिनीखाली चार फुटांवर पुरलेल्या नळीवर कुणाच्या नावाची पाटी लावणार?

*"भांडी पुरतोय!"*

ही विद्या स्कॉटलंडमधून अमेरिकेत नेली जॉन जॉन्स्टन या शेतकऱ्याने. तो न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावाजवळ शेती करायचा. १८३५ मध्ये त्याने मायदेशातून निचऱ्याच्या कौलांचा नमुना मागवला आणि तसली कौलं तिथल्या कुंभाराकडून करवून घेतली. शेजारी हसायचे. म्हातारा जमिनीत भांडी पुरतोय म्हणायचे. पुढे त्याचा गहू पाहिल्यावर हसणं थांबलं. त्याने आपल्या हयातीत ७२ मैल कौलं पुरली.

आणखी एक माणूस सांगतो. तुम्ही कुठल्याही आर्किटेक्टला बागेत पाणी साचतं म्हणून विचारलं तर तो 'फ्रेंच ड्रेन' म्हणेल. म्हणजे चर काढायचा, त्यात खडी भरायची, आत छिद्रांचा पाइप टाकायचा. मला इतकी वर्षं वाटत होतं की ही युक्ती फ्रान्समधली. तसं अजिबात नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाच्या अमेरिकन वकील-न्यायाधीशाने १८५९ मध्ये 'फार्म ड्रेनेज' नावाचं पुस्तक लिहिलं, त्याच्या आडनावावरून ते नाव पडलं. वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकात लिंकनचा जो भव्य बसलेला पुतळा आहे, तो याच्या मुलाने घडवला. मुलाचं काम बघायला जगातून माणसं येतात. बापाचं काम जगभरातल्या हिरवळींखाली पुरलेलं आहे.

*दलदलीवरचं सेंट्रल पार्क*

शेतातली ही विद्या शहरातल्या सार्वजनिक बागेत आली ती न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये. सिनेमात आपण ती बाग शंभरदा पाहिलीय. हिरवंगार, मऊ, उताराचं कुरण. ती निसर्गाची देणगी आहे असं वाटतं. पण १८५७ मध्ये ती जागा म्हणजे उघडे खडक आणि त्यांच्यामधली दलदल होती. तिथं माणसंही राहत होती, सुमारे १,६०० जण. त्यांत सेनेका व्हिलेज नावाची कृष्णवर्णीयांची स्वतःच्या मालकीच्या घरांची वस्ती होती. बागेसाठी या सगळ्यांना उठवलं गेलं. सुंदर बागेचा इतिहास सांगताना ही पण बाजू सांगायला हवी.

१८५७ मध्ये जॉर्ज वॅरिंग नावाचा चोवीस वर्षांचा तरुण त्या बागेचा निचरा अभियंता म्हणून नेमला गेला. बागेचा जो आराखडा पुढे जगप्रसिद्ध झाला, तो फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांचा. त्याची निवड झाली १८५८ च्या एप्रिलमध्ये. तारखांचा क्रम लक्षात ठेवा. निचऱ्याचा माणूस आधी नेमला, नकाशाला बक्षीस नंतर मिळालं. आपल्याकडे आधी कारंजं ठरतं, मग सेल्फी पॉइंट, मग कमान, आणि पाणी साचायला लागल्यावर कुणीतरी विचारतं की गटार कुठाय?

वॅरिंगने मैलोन्‌मैल मातीच्या नळ्या जमिनीखाली घातल्या. चढउतार मोजून प्रत्येक रांगेला उतार दिला, आणि पाणी सखल भागाकडे नेलं. आणखी एक शहाणपण त्या आराखड्यात होतं. बागेतला जो भाग मुळात इतका सखल आणि दलदलीचा होता की तिथं पाणी येणारच, तिथं हिरवळ करायचा हट्ट धरला नाही. तिथं तळं केलं. १८५८ च्या डिसेंबरमध्ये गोठलेल्या तळ्यावर लोक स्केटिंग करायला आले. बागेचा सगळ्यांत आधी लोकांच्या कामी आलेला भाग तोच.

वॅरिंगने पुढे १८६७ मध्ये पुस्तक लिहिलं. नाव 'ड्रेनिंग फॉर प्रॉफिट, अँड ड्रेनिंग फॉर हेल्थ'. नफ्यासाठी निचरा आणि आरोग्यासाठी निचरा. आरोग्याचं कारण मात्र त्याने चुकीचं धरलं होतं. त्या काळच्या पुष्कळ लोकांसारखं त्यालाही वाटायचं की ओल्या जमिनीतून निघणाऱ्या दूषित हवेने ताप येतो. प्रत्यक्षात हिवताप डासामार्फत पसरतो, हा शोध रोनाल्ड रॉस यांना १८९७ च्या ऑगस्टमध्ये आपल्या शेजारी सिकंदराबादला लागला. कारण चुकलेलं होतं, पण काम बरोबर होतं. डबकी गेली की डासही जातात.

या वॅरिंगने पुढे मेम्फिस शहराची गटार योजना केली. तिथं १८७८ मध्ये पीतज्वराने पाच हजारांवर माणसं गेली होती. नंतर तो न्यूयॉर्कचा सफाई आयुक्त झाला, सफाई कामगारांना पांढरा गणवेश दिला, त्यांची मिरवणूक काढली, शहर खरोखर झाडून काढलं. १८९८ मध्ये क्यूबातल्या हवानाची स्वच्छता कशी करावी हे पाहायला गेला आणि तिथून पीतज्वर घेऊन परतला. त्यातच वारला. पीतज्वरही डासानेच पसरतो हे सिद्ध झालं दोन वर्षांनी, १९०० मध्ये. आयुष्यभर डबकी आटवली आणि शेवटी डासाने नेलं.

*चांगली हिरवळसुद्धा बिघडते*

सेंट्रल पार्कची गोष्ट इथं संपत नाही, आणि पुढचा भाग आपल्या जास्त कामाचा आहे. त्या बागेत 'ग्रेट लॉन' म्हणून मोठी हिरवळ आहे. ती वॅरिंगच्या काळची नाही. तिथं १८४२ पासून पाणीपुरवठ्याचा जलाशय होता. १९३० च्या दशकात तो बंद करून बांधकामांच्या राडारोड्याने भरला आणि वर गवत लावलं. पुढे तिथं लाखालाखाच्या गर्दीचे जाहीर कार्यक्रम झाले. माती दबून दगड झाली. पावसात चिखल, उन्हात धूळ. शेवटी १९९५ ते ९७ मध्ये ती हिरवळ उकरून माती, निचऱ्याच्या नळ्या, सगळं नव्याने घालावं लागलं. आता तिथं नियम आहे की जमीन ओली असली तर हिरवळ बंद.

तरी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये काय झालं? भर पावसात तिथं मोठा संगीत महोत्सव झाला. जड यंत्रं आणि हजारो पाय ओल्या मातीवर फिरले. हिरवळीचा सुमारे एक तृतीयांश भाग उद्ध्वस्त झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत ती लोकांसाठी बंद ठेवावी लागली. खाली उत्तम निचरा असूनही.

आता आपल्या बागेकडे या. गेल्या ऑगस्टमध्ये मंडपाचे वासे घेऊन आलेला ट्रक थेट लॉनवर घातलेला आपण सगळ्यांनी पाहिला. चाकांच्या खोल चाकोऱ्या अजून आहेत. त्यात पाणी आधी साचतं आणि शेवटी आटतं.

*आपल्या घरचा इतिहास*

हे सगळं साहेबांच्या देशातलं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. चिबडाचा आपला इतिहासही शंभर वर्षांवरचा आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराला सुरू झाला. दुष्काळी पट्ट्यात पाणी आलं, ऊस आला. आणि थोड्याच वर्षांत खालच्या बाजूच्या काळ्या जमिनी पाणथळ होऊन खारावायला लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मॅन यांनी एका सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातल्या या खारपड जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये अहवाल काढला. पाणी आणण्याचा खर्च सरकारने केला होता, पाणी जाण्याची वाट मात्र ठेवली नव्हती.

मुंबई सरकारने १९१६ मध्ये पुण्यात सिंचनाच्या अशा प्रश्नांसाठी खास कक्ष सुरू केला. त्याच कक्षाची पुढे वाढत जाऊन खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था झाली. आज जगभरच्या बंदरांचे आणि धरणांचे नमुने जिथं तपासतात, त्या संस्थेचं मूळ शेतातल्या पाण्याच्या प्रश्नात आहे.

आणि अलीकडे शिरोळ, मिरज, वाळवा भागातल्या शेतकऱ्यांनी चिबड आणि खारपड रानात छिद्रांचे पाइप घालून जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्यात. ते काम एकट्याने होत नाही. माझ्या रानातलं पाणी तुझ्या बांधावरून गेल्याशिवाय ओढ्याला पोचत नाही. म्हणून आधी सगळ्यांना एकत्र बसवावं लागतं, मुख्य चर कुठून जाणार ते ठरवावं लागतं, मग पाइप. बांधावरून डोकी फुटणाऱ्या मुलखात लोकांनी हे करून दाखवलं. मग नगरपरिषदेच्या एका बागेला काय अवघड आहे?

*मग आपल्या बागेचं काय?*

मी इंजिनिअर नाही. पण माळीकाकांबरोबर दोन सकाळी फिरलो, पाणीनळी धरून लेव्हल पाहिली, आणि एक गोष्ट अशी दिसली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तुम्हाला आठवत असेल, आपण लहान असताना बागेच्या फाटकातून आत जाताना दोन पायऱ्या चढायला लागायच्या. आता फाटकातून आत एक पायरी उतरावी लागते. बाग खचलेली नाही. रस्ता वर आलाय. दर काही वर्षांनी रस्त्यावर रस्ता, त्यावर काँक्रीट, त्याच्या कडेला नवी गटार. जुना थर कुणी उकरलाच नाही. आज रस्त्याकडेच्या गटारीचा तळ लॉनपेक्षा उंच आहे. म्हणजे बागेचं पाणी गटारीत जाणं लांबच राहिलं, मोठ्या पावसात गटारीचं पाणी बागेत येतं. वर लाल माती आणि मुरूम टाकून आपण त्या परातीला आणखी एक घट्ट बूड दिलंय.

म्हणून चौथं एस्टिमेट मंजूर करण्याआधी माझं सगळ्या नगरसेवकांना आणि मुख्याधिकाऱ्यांना जाहीर सांगणं आहे. त्यात पुढच्या गोष्टी असायला हव्यात.

१. आधी खड्डे, मग टेंडर. लॉनवर चार-पाच ठिकाणी फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डे घ्या. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाला पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजा. तासाला इंचभरही उतरत नसेल तर निचरा वाईट आहे. खर्च जवळजवळ शून्य. आणि एक-दोन खड्डे मुरूम फोडून खाली काळ्या मातीपर्यंत न्या, थर कसे आहेत ते डोळ्यांनी दिसेल.

२. पाणी बाहेर कुठं पडणार ते आधी ठरवा. पाइपला उतार लागतो. शंभर फुटाला साधारण एक फूट धरला तर मागच्या भिंतीपासून निघालेला पाइप बागेबाहेर पडेपर्यंत किती खोल जाईल याचा हिशेब करा. रस्त्याकडेची गटार उंच आहे, म्हणजे ती उपयोगाची नाही. बागेच्या मागचा ओढा खाली आहे. तिथंपर्यंत वाट काढता येईल, फक्त त्या पट्ट्यात झालेल्या दोन-तीन पत्र्याच्या शेडचा विषय काढावा लागेल. तो विषय कुणाला नकोय हे मला माहीत आहे.

३. मुरमाचा थर फोडा. वर कितीही चांगली माती टाकली तरी खालचं बूड घट्ट असेल तर पाणी तिथंच अडणार. काळ्या मातीवर नुसती वाळू पसरूनही काही होत नाही. वाळू आणि चिकण माती एकत्र झाली की कधीकधी आणखी घट्ट बसते.

४. चराचं जाळं. माशाच्या काट्यासारखे आडवे चर, मधे मुख्य चर. छिद्रांचा पाइप, भोवती धुतलेली खडी, आणि खडीभोवती गाळणीचं कापड. कापड वाचवलं तर दोन पावसाळ्यांत पाइप गाळाने भरतो. काळ्या मातीत पाणी हळू सरकतं, म्हणून चर जवळजवळ लागतील. किती जवळ ते खड्ड्यांच्या मापावरून ठरवा, मागच्या फायलीवरून नको.

५. कोपरा सोडा. उत्तरेचा सखल कोपरा कायम ओला राहतो. तिथं हिरवळीचा हट्ट नको. कर्दळ लावा, अळू लावा, पावसाळ्यापुरतं पाणी थांबून जिरू दे. न्यूयॉर्कवाल्यांनी दलदलीचं तळं केलं, आपण निदान कर्दळीचा वाफा करू.

६. नकाशा. पाइप कुठून गेलाय त्याचा नकाशा बागेच्या फाटकावर लावा. नाहीतर पुढच्या वर्षी केबलवाला येऊन त्यावर खड्डा घेईल.

७. ओल्या लॉनवर मंडप नाही, ट्रक नाही. कार्यक्रम कुणाचाही असो. यात मी माझ्या मित्रांच्या मंडळालाही धरतोय.

परवा एका पदाधिकाऱ्यांशी बोललो. माणूस चांगला आहे, ऐकून घेतलं. मग हसून म्हणाले, "भाऊ, तुमचं सगळं खरं. पण पाइप पुरून लोकांना दाखवू काय?"

या प्रश्नाला तिथं मला उत्तर सुचलं नाही. घरी येताना सुचलं. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांना बागेत बोलवा. म्हाताऱ्या माणसांना लॉनवर अनवाणी चालू द्या, पोरांना खेळू द्या. कुणाचा पाय फचकन बुडला नाही की झालं तुमचं लोकार्पण. मी येतो फोटो काढायला, आणि या वेळी बातमी खड्डा बघून देईन.

पुढच्या सोमवारी सकाळी साडेसहाला मी आणि माळीकाका तो मोजणीचा खड्डा घेणार आहोत. बागेच्या परवानगीचा अर्ज दिलाय. ज्यांना यायचं त्यांनी या. येताना एक बादली आणा, आणि घरात जुनी फूटपट्टी असेल तर तीही. आणि ज्यांच्याकडे बागेच्या फाटकाचे जुने फोटो असतील, त्या दोन पायऱ्यांसकट, त्यांनी ते इथं टाका. रस्ता किती वर आलाय याचा त्यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही.